उत्तरसूचीत नसलेलं उत्तर

(कोरीट, ता. नंदुरबार येथे पालक व शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आम्हाला विषय दिला आहे, ‘शिष्यवृत्ती परीक्षेची घरी तयारी कशी करून घ्यावी?’ विषय देणाऱ्यांची अपेक्षा अशी असणार की, निवृत्त प्राध्यापक आहेत, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर आहेत, चार युक्त्या सांगतील. युक्त्या सांगू, शेवटी सांगू. पण आमचं आयुष्य पुस्तकं वाचण्यात आणि त्यांच्याशी भांडण्यात गेलं. म्हणून आधी एका पुस्तकाचं परीक्षण करणार आहोत. या पुस्तकाला एक लेखक नाही, एक प्रकाशक नाही. वेगवेगळ्या नावांनी ते निघतं, आणि ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नाही त्या घरातही ते सापडतं. त्याचं नाव ‘मार्गदर्शिका’. आपण ‘गाईड’ म्हणतो.

साहित्याचे समीक्षक कादंबरीवर लिहितात, कवितेवर लिहितात. गाईडवर कोणी लिहीत नाही. पण विचार करा, दहा वर्षांचं मूल सहा-सहा महिने रोज जे पुस्तक उघडतं, ते त्याच्या मनावर काही संस्कार करत नसेल का? करतंच. मग त्याची समीक्षा नको का व्हायला?

आधी परीक्षा काय आहे ते बघू, कारण बऱ्याच पालकांना तेवढंही कोणी नीट सांगितलेलं नसतं. आपल्याकडे ही शिष्यवृत्ती 1954-55 पासून चालू आहे. पूर्वी ती चौथी आणि सातवीला असायची. 2016-17 पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. 2025 मध्ये शासनानं ती पुन्हा चौथी-सातवीकडे आणायचा निर्णय घेतला. परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. पाचवीची रचना अशी: दोन पेपर, प्रत्येक पेपर 150 गुणांचा, प्रत्येकात 75 प्रश्न. पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. वेळ दीड तास. दीड तास म्हणजे 90 मिनिटं. 75 प्रश्नांना वाटून बघा, एका प्रश्नाला 72 सेकंद येतात. चार पर्याय, त्यातल्या एकाचं वर्तुळ पेननं काळं करायचं. नवोदयची प्रवेश परीक्षा याच्याच जवळची: दोन तासांत 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 40 प्रश्न मानसिक क्षमतेचे, 20 अंकगणिताचे, 20 भाषेचे.

या परीक्षा वाईट आहेत असं आम्ही म्हणणार नाही. नवोदयला लागलेल्या मुलाचं सहावी ते बारावी शिक्षण, राहणं, जेवण होतं, आणि तिथल्या निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. शिष्यवृत्तीची रक्कम 2023 मध्ये वाढवली. पाचवीच्या मुलाला वर्षाला 5000 रुपये. शहरातल्या माणसाला ती रक्कम लहान वाटेल, इथं वाटणार नाही. आणि सकाळी शाळेच्या आधी, संध्याकाळी शाळेनंतर, एक पैसा जास्तीचा न घेता मुलांना शिष्यवृत्तीसाठी बसवणारे जिल्हा परिषदेचे कितीतरी शिक्षक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल मनात आदर ठेवूनच पुढचं बोलतो.

आता गाईड उघडू. गणिताची प्रकरणं बरी असतात. भाषेची मध्यम. आमचं लक्ष ‘बुद्धिमत्ता चाचणी’वर आहे, कारण तिथं गाईडचा खरा स्वभाव कळतो. समसंबंध, वर्गीकरण, क्रम ओळखणे, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा, वेन आकृत्या अशी प्रकरणं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला दोन-तीन नमुना प्रश्न सोडवून दिलेले, मग शे-सव्वाशे प्रश्न, आणि शेवटी उत्तरसूची. आता ही उत्तरसूची बघा. 1 - 3, 2 - 1, 3 - 4. नुसते आकडे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चौथा पर्याय. का? ते नाही. आमची पहिली आणि मुख्य तक्रार हीच आहे. ज्या प्रकरणाचं नावच ‘तर्कसंगती आणि अनुमान’, त्या प्रकरणाच्या उत्तरांना कारण नाही!

कारण नसलं तर काय बिघडतं? एक साधी मालिका घ्या. 2, 4, 8, पुढे काय? गाईड म्हणेल 16, कारण प्रत्येक संख्या दुप्पट होते. पण एखादी पोरगी म्हणाली 14? तिचं म्हणणं असं की, 2 आणि 4 मध्ये 2 चा फरक, 4 आणि 8 मध्ये 4 चा, मग आता 6 चा हवा. 8 आणि 6 चौदा. तिचं काय चुकलं? काही चुकलं नाही. व्हिट्गेनस्टाईन नावाचा विसाव्या शतकातला मोठा तत्त्वज्ञ होता. त्याच्या 1953 साली आलेल्या ग्रंथात असाच एक विद्यार्थी आहे. त्याला सांगितलंय, दोन-दोन मिळवत जा. हजारापर्यंत तो बरोबर जातो आणि त्यानंतर 1004, 1008 असं लिहायला लागतो, आणि त्याला प्रामाणिकपणे वाटतं की आपण आधीसारखंच करतोय. व्हिट्गेनस्टाईनचा मुद्दा असा की, थोडी उदाहरणं दाखवली म्हणजे नियम आपोआप हातात येत नाही. नियम पाळणं ही माणसांनी मिळून चालवलेली रीत आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात यावर आम्ही महिनाभर बोलायचो. इथं पाचवीच्या पोराला 72 सेकंद आहेत.

म्हणजे परीक्षा बंद करा असं नाही. मुद्दा एवढाच, की ‘क्रम ओळखा’ या प्रश्नात बुद्धीबरोबर एक रीत तपासली जाते. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय असेल, हे ओळखण्याची रीत. ज्या घरात ती रीत आधीच आहे, त्या घरातलं मूल पुढे असतं. ज्या घरात नाही, तिथलं मूल ‘ढ’ ठरतं.

आता आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगितली पाहिजे.

आमच्या शेजारी एक मुलगी आहे, पाचवीतली. संध्याकाळी वही घेऊन येते. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात. आम्ही विचार केला, गाईडमधले प्रश्न तिच्या ओळखीच्या वस्तूंवर बसवू, म्हणजे सोपं जाईल. म्हणून एक प्रश्न आम्हीच रचला. विसंगत पद ओळखा: मिरची, कापूस, ऊस, पपई. चारही आपल्या शिवारातली पिकं. उत्तर आमच्या मनात ठरलेलं, कापूस. कारण बाकीची तिन्ही खायची, कापूस खायचा नाही.

ती क्षणभरही न थांबता म्हणाली, “ऊस.”

आम्ही म्हणालो, “चूक. नीट विचार कर.”

तिनं मान खाली घातली. वहीत ‘कापूस’ लिहिलं. कापूस का ते आम्ही समजावलं, तिनं “हो आबा” म्हटलं. दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा गंमत म्हणून नाही, नुसतं सहज विचारलं, “काल ऊस का म्हणाली होतीस गं?” ती म्हणाली, “बाकीच्यांसाठी गाव सोडून जावं लागत नाही.”

मंडळी, आम्ही चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. ‘चूक’ हा शब्द आम्ही कारण विचारण्याच्या आधी उच्चारला. गाईडनं पोरांचं काय केलंय ते आम्ही तुम्हाला सांगायला निघालो होतो, आणि गाईडनं आमचंच काय केलंय ते त्या दिवशी कळलं. उत्तरसूची आमच्या डोक्यात छापून बसली होती.

आता त्या प्रश्नाची चिरफाड करू. आपल्या न्यायशास्त्रात लक्षण कसं करावं याचे नियम आहेत. कोणी म्हणालं, ‘शिंगं असलेली ती गाय.’ चालेल? नाही, म्हशीलाही शिंगं असतात. लक्षण जास्तीचं पसरलं. याला म्हणतात अतिव्याप्ती. कोणी म्हणालं, ‘तांबडी ती गाय.’ मग पांढरी गाय सुटली, ही अव्याप्ती. कोणी म्हणालं, ‘एकच खूर असलेली ती गाय.’ अशी गाय एकही नाही, हा असंभव. नैयायिकांनी गाईचं लक्षण केलं ते गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीवरून. ही चर्चा पंडितांनी केली, पण तिच्यात गोठ्याबाहेरचं काय आहे? जनावरं राखणारा पोरगा यात पंडितांना हरवेल.

हा नियम आमच्या प्रश्नाला लावा. कापूस वेगळा, कारण खात नाहीत. कबूल. मिरची वेगळी, कारण तीच एक तिखट. पपई वेगळी, कारण तिचंच झाड होतं आणि तिलाच आपण फळ म्हणतो. आणि ऊस वेगळा, कारण त्याच्यासाठी आई-बाप जातात. चारही उत्तरांना कारण आहे. म्हणजे दोष प्रश्नात होता, आणि तो आम्ही रचला होता. खरी परीक्षा परिषद प्रश्न काढताना यापेक्षा जास्त काळजी घेते. पण बाजारात घाईघाईनं निघणाऱ्या सराव प्रश्नपत्रिकांत असे चार-चार उत्तरांचे प्रश्न आम्हाला पदोपदी भेटले.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. लुरिया नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ 1931-32 मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला होता. शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यांना त्यानं चार वस्तू दाखवल्या: हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. वेगळी कोणती? त्याला हवं होतं, ओंडका, कारण बाकीची हत्यारं. शेतकरी म्हणाले, चारही एकत्रच हवीत. ओंडकाच नसला तर करवत कशाला? आणि जे लोक थोडे दिवस का होईना शाळेत गेले होते, ते हत्यारं वेगळी काढायला लागले होते. यात एक आनंदाची बातमी आहे. विसंगत पद ओळखणं ही जन्मजात बुद्धीची देणगी असती, तर थोड्या दिवसांच्या शाळेनं फरक पडला नसता. ती शिकता येणारी रीत आहे. आपल्या पोरांनाही शिकवता येते.

या चाचण्यांचा जनक, फ्रान्सचा आल्फ्रेड बिने, त्याचंही मत असंच होतं. 1905 साली त्यानं आणि सिमोननं पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती कोणत्या मुलांना जास्तीची मदत हवी आहे ते शोधायला. बुद्धी जन्मतः ठरते आणि वाढत नाही, या समजुतीला त्याचा ठाम विरोध होता. पुढे ती चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा उपयोग मुलांना निवडायला आणि गाळायला होऊ लागला. आपल्याकडेही व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचण्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतल्या. त्यांचं त्यावरचं पुस्तक 1940 सालचं आहे. परक्या देशातली मोजपट्टी जशीच्या तशी चालणार नाही, आपल्या भाषेतल्या मुलांना लावून तपासावी लागेल, हे त्या पिढीला कळत होतं. गाईड लिहिणाऱ्यांना नंदुरबार जिल्ह्याची भाषा ठाऊक असते का? इथलं पोर घरी अहिराणी बोलतं, गुजरी बोलतं, भिली बोलतं, डोंगरात गेलात तर पावरी बोलतं. त्याच्यापुढे ‘विसंगत’, ‘समसंबंध’, ‘क्रमागत’ असे शब्द येतात. बऱ्याचदा पोराला प्रश्नाचं उत्तर येत असतं, प्रश्नच कळलेला नसतो. ही आमची दुसरी तक्रार.

तिसरी तक्रार गाईडपेक्षा आपल्याविषयी आहे. ताप आला की थर्मामीटर लावतात. पण थर्मामीटर गार पाण्यात बुडवला म्हणून पोराचा ताप उतरत नाही. परीक्षा हा थर्मामीटर आहे. शाळेत काय कमी पडतंय ते तिनं दाखवावं. आपण मात्र मुलाकडे बघायचं सोडून थर्मामीटरलाच शेकायला किंवा भिजवायला बसलो. अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यानं 1970 च्या दशकात हेच मांडलं: एखाद्या मापावर मोठे निर्णय अवलंबून ठेवलेत की ते मापच बिघडायला लागतं. शाळेच्या फलकावर ‘इतके विद्यार्थी शिष्यवृत्तीधारक’ असं लिहिलं जातं. ज्याला मिळाली नाही, त्या पोराचं नाव कुठल्या फलकावर? पाचवीला लाखो मुलं बसतात आणि शिष्यवृत्ती मिळते साधारण साडेसोळा हजारांना. म्हणजे तयारी करणाऱ्या बहुतेक मुलांना ती मिळणार नाही, हे आपल्याला आधीच माहीत आहे. मग त्या सहा महिन्यांत या बहुतेकांच्या हाती काय पडलं, हा प्रश्न आहे. नुसती उत्तरसूची पडली असेल तर काही पडलं नाही. कारण शोधायची सवय पडली असेल तर परीक्षा न मिळूनही मिळाली.

हे आम्ही अनुभवावरून सांगतो. आम्हीही चौथीत या परीक्षेला बसलो होतो. मिळाली नाही. आमचे वडील निरक्षर. आम्ही तालुक्याच्या गावाहून पेपर देऊन आलो, ते रात्री शेतात पाणी भरायला निघाले होते, आम्हाला सोबत घेतलं. बारे देता देता म्हणाले, “काय काय इचारं?” आम्ही एकेक प्रश्न आठवून सांगायला लागलो. प्रत्येक प्रश्नाला ते म्हणायचे, “मग तू काय सांगितलं? काबर?” तीन-चार प्रश्न तर सांगता सांगताच कळलं की चुकले. ते रागावले नाहीत. त्यांना उत्तर येतच नव्हतं, रागावणार कशावर? आमच्या घरी तत्त्वज्ञानाचा वर्ग भरला तो त्या रात्री, आणि तो घेणाऱ्याला सही करता येत नव्हती.

म्हणून आता त्या युक्त्या. शिकलेल्या पालकांसाठी आणि न शिकलेल्यांसाठीही.

पहिली. पोराला प्रश्न मोठ्यानं वाचायला सांगा आणि मग घरच्या बोलीत सांगायला सांगा. “यानं काय विचारलंय, मला सांग.” घरच्या बोलीत सांगता आला, तर प्रश्न कळला. नाही आला, तर उत्तराकडे जाऊच नका.

दुसरी. रोज दहाच प्रश्न घ्या, पण प्रत्येकाला “काबर?” विचारा. बरोबर आलेल्यालाही विचारा. आणि उरलेले तीन पर्याय का नाहीत, तेही विचारा. परीक्षेत शेवटी उपयोगी पडतं ते हेच, कारण उत्तर सापडलं नाही तरी दोन पर्याय खोडता येतात.

तिसरी. वहीचं पान मधून दुमडा. एका बाजूला ‘माझं उत्तर’, दुसऱ्या बाजूला ‘परीक्षेचं उत्तर’. दोन्ही वेगळी आली तर दोन्ही लिहा, दोन्हींपुढे कारण लिहा. पोराला कळू द्या की परीक्षेची एक रीत आहे, ती शिकायची आहे, पण त्यासाठी आपलं डोकं खोटं ठरवायचं नाही.

चौथी. गणित घरातलं घ्या. वेचलेल्या कापसाचे किलो, किलोमागे मजुरी, आठवड्याचा हिशेब, दुकानदाराची उधारी. हिशेब पोराला करू द्या आणि तुम्ही तपासा. तोंडी हिशेबात इथल्या आया-बाया गाईडच्या पुढे आहेत.

पाचवी. वर्तुळं काळी करण्याचा आणि घड्याळ लावण्याचा सराव शेवटच्या महिन्यात. त्याआधी नको. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं, हे मात्र पक्कं करून घ्या.

सहावी. परीक्षेच्या आदल्या दिवशी गाईड बंद. भाकरी खाऊ घाला, झोपवा. आणि निकालाच्या दिवशी शेजारच्या पोराचे गुण विचारू नका.

कोणी गुरुजी विचारतील, आणि मघाशी एकांनी विचारलंच, की सर, 72 सेकंदांत ‘काबर’ विचारायला वेळ कुठे? वेळ परीक्षेच्या खोलीत नाही, घरी आहे. घरी हजार वेळा कारण शोधलेल्या मुलाला तिथं ते पटकन सापडतं. हेही कबूल करतो की नुसतं घोकून घेतलेलं एखादं पोर आपल्या पोराच्या चार गुण पुढे जाईल. जाऊ द्या. पुढच्या वर्षी प्रश्नाचा साचा बदलला की दोघांतला फरक कळेल.

शेवटचा मुद्दा, आणि आम्ही इथं आलो ते खरं तर यासाठी. शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास असते. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतात आणि उन्हाळ्यात परततात. म्हणजे ज्या मुलांना या शिष्यवृत्तीची गरज सर्वांत जास्त, ती परीक्षेच्या दिवशी गावात नसतात. त्यांना तुमची कुठलीही युक्ती कामाची नाही. हंगामी वसतिगृहाची शासनाची योजना आहे. गुरुजींनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं मुकादमानं उचल वाटण्याच्या आधी त्या घरी जावं, नंतर नको. आणि जिथं वसतिगृह होत नाही, तिथं आजी आहे, काकू आहे, शेजार आहे. आमच्या घरची एक खोली रिकामी असते, हे आम्ही इथं सर्वांसमोर सांगून ठेवतो.

ती मुलगी यंदा आजीजवळ राहणार आहे, असं तिच्या बापानं परवा कबूल केलं. काल ती वही घेऊन आली. पान मधून दुमडलेलं. म्हणाली, “आबा, पेपरात तोच प्रश्न आला तर काय लिहू?”

आम्ही म्हणालो, “पेपरात कापूस लिही. वहीत ऊस राहू दे. आणि मोठी झालीस की असा प्रश्न काढ, ज्याचं उत्तर ऊस असेल.”

आता आम्ही थांबतो. तुमचे प्रश्न विचारा, आणि आमचं उत्तर पटलं नाही तर “काबर?” म्हणा.